चौथ्या वळणावरचा नमस्कार

रस्त्यावर होतं ते असं : सायकली दोन, दोन्ही आडव्या. केळी सतरा, त्यांतली शाबूत चार. पाण्याची बाटली एक, झाकणाशिवाय. माझ्या उजव्या गुडघ्याची कातडी, अंदाजे तीन चौरस सेंटिमीटर. बघे सहा, त्यांपैकी मदतीला पुढे आलेला एकही नाही. आणि वळणावरच्या कंबरभर उंचीच्या देवळात शेंदूर लावलेला मारुती एक... ज्याच्यामुळे हे सगळं झालं.

मोजणं ही माझी जुनी सवय. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे ती जडली असं आई म्हणते, पण ती आधीपासूनच होती, पदवीनं तिला फक्त मान मिळवून दिला. राग आला की मी जास्तच मोजते.

"लागलं का?" समोरच्यानं विचारलं. तो उठून बसला होता. कोपरावर उसवलेलं मरून रंगाचं स्वेटर, भुवईवर धूळ, आणि हातात एक केळं. मी रक्ताळलेला गुडघा धरून बसले होते आणि हा माणूस केळं फिरवून फिरवून बघत होता, फुटलंय की नाही ते.

"तुम्ही हात का वर केलात?"

"कधी?"

"आत्ता! पडायच्या आधी! सायकलवाल्यानं हात वर केला म्हणजे तो थांबतोय. पंक्चर झालंय, पुढे खड्डा आहे, काहीतरी आहे. म्हणून मी ब्रेक दाबला, चाक घसरलं आणि—"

"मी थांबत नव्हतो ना पण." त्यानं केळ्यानंच मारुतीकडे बोट दाखवलं. "नमस्कार करून राहिलो होतो."

मी मारुतीकडे पाहिलं. मारुतीनं माझ्याकडे पाहिलं. डिसेंबरच्या थंडीत उदबत्तीचा वास येत होता आणि त्यात फुटलेल्या केळ्यांचा.

"चालत्या सायकलवर? वळणावर?"

"देऊळच वळणावर आहे," तो म्हणाला, अगदी समजूत घालावी तसं. मग जरा थांबून, "पण मॅडम, मला एक सांगा... तुम्ही माझ्या इतक्या जवळ कशा काय होत्या?"

याचं खरं उत्तर लाजिरवाणं होतं. सकाळपासून समोरून वारा होता. शहराबाहेर हा रुंद पाठीचा अनोळखी माणूस मला ओलांडून गेला. जुनी लोखंडी सायकल, कॅरिअरला केळ्यांची पिशवी, आणि तरीही वेग ताशी एकतीस किलोमीटर. मी त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून चार किलोमीटर त्याच्या आडोशानं आले होते. न विचारता.

"वारा होता," मी म्हटलं.

"अच्छा. म्हणजे वारा पण मी झेलायचा आणि शिव्या पण मीच?"

त्यानं शाबूत चारांतली दोन केळी माझ्यापुढे धरली. "घ्या. पोटॅशियम असतं."

ते मला माहीत होतं. मी घेतली, कारण भूक लागली होती, आणि धन्यवाद म्हटलं नाही, कारण राग आला होता.

*

पुढच्या रविवारी बुरहानपूरच्या शनवारा भागातल्या योगेंद्रदादाच्या सायकल दुकानासमोर तेच मरून स्वेटर उभं होतं.

योगेंद्रदादा आमच्या टीमचा कप्तान. टीम म्हणजे तरी काय, तीन माणसं : दादा, मी आणि तुषार. त्यातल्या तुषारला भोपाळला नोकरी लागली आणि आम्ही दोनच उरलो. स्पर्धेचा नियम होता, एका टीममध्ये तीन जण.

"प्राजू, हा चुडामण," दादा म्हणाला. "चांदनी गावाकडे याची केळीची बाग आहे. रोज तिथून सायकलनं येतो, विचार कर. ट्रॅक्टरच्या मागे सायकल चालवून तयार झालाय. इंजिन आहे नुसतं इंजिन!"

"भेटलोय आम्ही," मी म्हटलं.

"गुडघा कसाय?" चुडामणनं विचारलं.

"नऊ दिवस लागतील."

"मोजून?"

"मोजून."

तो हसला. वरचा एक दात जरासा तिरपा होता, आणि ते मला चांगलं दिसलं. या गोष्टीचाही मला राग आला.

आमची स्पर्धा क्रिटेरियम प्रकारातली होती. म्हणजे लांबचा पल्ला नाही, गावातल्याच रस्त्यांचा एक छोटा चौकोन निवडायचा आणि त्याला गोल गोल फेऱ्या मारायच्या. आमचा चौकोन बाराशे मीटरचा, वळणं चार, फेऱ्या चोवीस, तारीख फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. बायकांची नावं दर वर्षी नऊ-दहाच येतात, म्हणून सगळ्यांना एकत्र सोडतात आणि निकाल वेगवेगळे लावतात. टीमच्या पुरुषांनी आपल्या मुलीला मदत केलेली चालते. पुढे राहून वारा अडवायचा, शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत तिला आणून सोडायचं, पुढचं तिनं बघायचं.

दोन वर्षं मी दुसरी आले होते. दोन्ही वेळा खंडव्याच्या प्रतिभाच्या मागे. पहिल्या वर्षी ०.५२ सेकंदांनी, दुसऱ्या वर्षी ०.३४ सेकंदांनी. अर्ध्या सेकंदात माणूस शिंकूनही होत नाही. आणि हे माझं शेवटचं वर्ष होतं. तीन मार्चला मला पुण्याच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं, तिथे शनिवार-रविवारचीही खात्री नव्हती. एकदा, फक्त एकदा, मला त्या रेषेवरून पहिलं जायचं होतं. लोकांना वाटायचं त्यात काय एवढं. मी समजवायचं सोडून दिलं होतं.

तर मला पुढे राहून वारा अडवणारा एक माणूस हवा होता. तो मिळाला. आणि चौकोनाच्या चौथ्या वळणावर, शेवटच्या रेषेच्या बरोबर दोनशे दहा मीटर आधी, तो मारुती होता.

*

पहिल्या सरावाला चुडामणनं चोवीस फेऱ्यांत चोवीस नमस्कार केले.

मी त्याच्या मागच्या चाकाशी होते, त्यामुळे मला सगळं दिसायचं. चौथं वळण आलं की उजवा हात हँडलवरून सुटायचा, कपाळाला लागायचा, छातीवर टेकायचा आणि परत. तेवढ्या वेळात पाय थांबायचे.

"देव आहे, ठीक आहे," मी सराव संपल्यावर म्हटलं. "पण पाय का थांबतात?"

"पाय मारत मारत नमस्कार करू? बरं दिसतं का ते?"

"कोणाला?"

"त्यालाच ना!"

योगेंद्रदादा पाणी पिता पिता फिदीफिदी हसला. दादा अशा वेळी कधीच कामाचा नसतो.

पुढच्या आठवड्यात मी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून आले आणि रस्त्याच्या कडेला बसून तीस वेळा मोजलं. दहा वेळा नमस्कारासकट, दहा वेळा नमस्काराशिवाय ("तुम्ही डोळे मिटा, मी सांगते कधी वळायचं." "डोळे मिटून वळू?" "देवळाकडे बघू नका म्हणजे!"), आणि दहा वेळा पुन्हा नमस्कारासकट, कारण मधल्या दहांमध्ये तो कसानुसा झाला होता आणि मला शंका आली की त्यामुळे वेग बदलला असावा.

"सरासरी शून्य पूर्णांक चार सेकंद," मी वही त्याच्यापुढे धरली. "दर नमस्काराला. मी गेल्या वर्षी ०.३४ नं हरले. तुम्हाला यात काही दिसतंय का?"

त्यानं वही हातात घेतली. नीट वाचली. पान उलटून मागचंही वाचलं.

"अक्षर छान आहे तुमचं," तो म्हणाला.

मी वही हिसकावून घेतली.

"नाही, मला समजलं," तो घाईनं म्हणाला. "मी पण बी.एस्सी. आहे मॅडम. शेतीचा. हातानं बटण दाबताना होणारी चूक धरली का?"

धरली होती. पण त्यानं विचारावं, हे मला अपेक्षित नव्हतं. मी काही क्षण नुसतीच त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग लक्षात आलं की मी पाहत राहिले आहे.

"हे बघा," मी म्हटलं, "तेवीस फेऱ्यांचं मी सोडून देते. गटात असलो की तेवढं भरून निघतं. मला फक्त शेवटच्या फेरीचा नमस्कार नको. एकच. त्या वळणातून तुम्ही पूर्ण वेगानं बाहेर पडायला हवं."

"तेवीस वेळा करायचा आणि चोविसाव्याला पाठ फिरवायची? कामापुरता मामा झाला की तो."

"मग सगळे चोवीस सकाळीच करून या! होलसेलमध्ये!"

"होलसेल केळीत असतं," तो म्हणाला. "इथे किरकोळच."

*

जानेवारीभर आम्ही भांडलो. सकाळी साडेसहाला भांडण सुरू व्हायचं आणि साडेआठला माझ्या घराच्या कोपऱ्यावर, लोधीपुऱ्यात, संपायचं. तो वाट वाकडी करून तिथपर्यंत यायचा. का यायचा, हे मी विचारलं नाही. "वादाचा मुद्दा पूर्ण होत नाही ना," असं त्यानं आपणहून सांगितलं.

'मॅडम'चं 'प्राजक्ता' कधी झालं याची नोंद माझ्याकडे नाही. 'तुम्ही'चं 'तू' मात्र सतरा जानेवारीला झालं. मी चिडून ओरडले होते, "अरे तू माणूस आहेस की बैल?" आणि तो शांतपणे म्हणाला होता, "'तू' म्हटलंस ते बरं केलंस. पाठीला सवय झाली होती तुझ्या आवाजाची, पण 'तुम्ही' ऐकून थंडी वाजायची."

मी गिअर बदलल्याचं नाटक केलं.

त्याच्या पाठीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आठवड्यातले तीन दिवस, दोन-दोन तास, ती माझ्यापासून हातभर अंतरावर असायची. उसवलेलं कोपर मला पाठ झालं होतं. आतल्या सदऱ्याचा पांढरा तुकडा, मानेवरचा तीळ, थकला की उजवा खांदा किंचित खाली यायचा. वारा आला की तो न सांगता जरा डावीकडे सरकायचा, म्हणजे मी आडोशात राहावी. आणि चौथ्या वळणावर तो हात. हजारदा तरी पाहिला असेल मी तो हात.

(हजार नाही. सातशे अडतीस वेळा.)

फेब्रुवारीच्या मध्यावर एक दिवस दादा आला नाही. आम्ही दोघंच. सराव संपवून मारुतीच्या समोरच्या ओट्यावर बसलो होतो, चहाचे ग्लास हातात.

"एक विचारू?" मी म्हटलं. "खरं सांग. नाही केला नमस्कार तर काय होईल असं वाटतं तुला?"

तो ग्लासच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"चार वर्षं झाली. मी घाईत होतो, इथूनच गेलो, हात नाही जोडला. संध्याकाळी वादळ आलं. घड धरलेली बाग होती... तीन हजार झाडं. सकाळी सगळी आडवी. एका बाजूला, जसं कोणी केस विंचरावेत तशी. मला कळतं प्राजक्ता. वादळ चांदनीला येतं, देऊळ इथे आहे. संबंध नाही. सगळं मला कळतं. हाताला नाही कळत."

समोर मारुतीच्या गळ्यातली रुईची माळ वाऱ्यानं हलत होती. माझ्या वहीत या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

"आत्ता बाग कशी आहे?" मी विचारलं.

"घड धरलेत."

पहिल्यांदाच मला भांडण पुढे न्यावंसं वाटलं नाही, आणि नेमकं तेव्हाच तो म्हणाला,

"ठीक आहे. शेवटची फेरी तुझी. नाही करणार."

"नको. राहू दे. मी..."

"आता तू नको म्हणू नकोस यार! दोन महिने डोकं खाल्लंस." तो हसत होता, पण डोळे नव्हते हसत. "पण माझी एक अट आहे. तू जिंकलीस तर मी तुला एक प्रश्न विचारणार."

"आत्ता विचार."

"आत्ता नाही. जिंकलीस तर. हरलीस तर नाही विचारणार."

"हे कुठलं तर्कशास्त्र?"

"हरलेल्या माणसाला असला प्रश्न विचारू नये. तो रागात काहीही उत्तर देईल. आणि तू तर..." त्यानं हात हवेत गोल फिरवला. "तू तर तू आहेस."

"असला म्हणजे कसला?"

"चहा गार होतोय."

पुढचे नऊ दिवस मी काय केलं हे सांगण्यासारखं नाही. पुण्याला न्यायची पुस्तकं दोनदा बांधली आणि दोनदा सोडली. आईनं वरणाला फोडणी द्यायला सांगितली तर मी मोहरी मोजत बसले. प्रश्न! साधा विचारून टाकायचा प्रश्न, त्याला अट लावून ठेवलेला. जगात असे लोक असतात जे दार किलकिलं करतात आणि मग तिथेच उभे राहून चपला शोधतात. मला अशा लोकांचा भयंकर संताप येतो. आणि त्या संतापात माझं मन चौथ्या वळणावरून, उसवलेल्या कोपरावरून, तिरप्या दातावरून पुन्हा पुन्हा फिरत होतं. गोल गोल.

*

स्पर्धेच्या सकाळी धुकं होतं. बांबूचे कठडे, चुन्यानं आखलेली रेषा, लाऊडस्पीकरवर कुणीतरी सारखं "हॅलो, चेक, हॅलो" म्हणत होतं. स्पर्धक एकतीस, त्यांत मुली नऊ. प्रतिभा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. उंच, शांत, दोन वेण्या हेल्मेटखाली खोचलेल्या.

"इस बार क्या हिसाब लगाया?" तिनं हसून विचारलं.

"इस बार पूरा लगाया," मी म्हटलं.

सोडल्यावर पहिल्या दहा फेऱ्यांत गट फुटला. पुरुषांतले सात जण पुढे निघून गेले, त्यांत योगेंद्रदादा. चुडामणही जाऊ शकला असता. त्याच्या पायांत अजून किती होतं ते मला मागून दिसत होतं. तो गेला नाही. दर काही फेऱ्यांनी मान थोडी वळवून विचारायचा, "आहेस?" आणि मी म्हणायचे, "आहे." एवढंच आमचं बोलणं.

एक, दोन, पाच, बारा. प्रत्येक फेरीला चौथ्या वळणावर त्याचा हात उठला, कपाळ, छाती, परत. मी चिडले नाही. फक्त मोजत होते. वीस. एकवीस. प्रतिभा माझ्या डावीकडे, अर्धी सायकल मागे. बावीस. तेवीस.

घंटा वाजली. शेवटची फेरी.

"आहेस?"

"आहे."

मग तो निघाला. मला माहीत नव्हतं त्याच्याकडे एवढं शिल्लक आहे. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी फाटत होता आणि मी त्या फटीत होते. वेग चव्वेचाळीस. माझं गणित बरोबर येत होतं! वळणातून पूर्ण वेगानं बाहेर, मग तो डावीकडे सरकणार, मग दोनशे मीटर माझे, आणि प्रतिभाला माझ्या बाजूनं यायला जागाच नाही.

चौथं वळण.

शेंदूर दिसला. माळ दिसली. त्याचा उजवा हात हँडलवर होता. तो तिथेच राहिला. बोटांची पेरं पांढरी झालेली, कोपराच्या उसवलेल्या जागेतून सदऱ्याचा तुकडा... पण हात सुटला नाही. तेवीस वेळा उठलेला हात चोविसाव्यांदा त्यानं माझ्यासाठी तिथे दाबून धरला होता, आणि चांदनीला बागेत घड धरलेले होते.

आणि माझा हात उठला.

मी उठवला नाही. हे मी शपथेवर सांगू शकते. मी मारुतीला कधीही, लहानपणी परीक्षेच्या दिवशीसुद्धा, हात जोडलेला नाही. पण उजवा हात हँडलवरून सुटला, कपाळाला लागला, छातीवर टेकला. आणि पाय थांबले.

हात परत आला तेव्हा त्याची पाठ एक सायकलभर पुढे गेली होती. वारा थेट माझ्या तोंडावर आला. डावीकडून प्रतिभा निघाली. मी उभी राहिले, होतं नव्हतं ते सगळं पायांत घातलं, तिच्या चाकाशी आले, अर्ध्या चाकाशी आले...

रेषा.

*

निकाल यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत चुडामण दोनदा म्हणाला, "मी कमी पडलो. अजून जोरात निघायला पाहिजे होतं." त्याला काही माहीत नव्हतं. तो पुढे होता ना, त्याला कसं दिसणार? मी तोंडाला पाण्याची बाटली लावून उभी होते. सांगायचं कसं? अकरा आठवडे ज्या हातावरून या माणसाला धारेवर धरलं...

प्रतिभा सायकल ढकलत आली. "सुन ना, तेरा हाथ ऊपर क्यों गया था? मुझे लगा पंक्चर हुआ."

चुडामणनं माझ्याकडे पाहिलं.

"कुठे?" त्यानं हळूच विचारलं.

"चौथ्या वळणावर," मी म्हटलं.

"कोणता हात?"

"चुडामण, प्लीज."

"प्राजक्ता... तू नमस्कार केलास?"

"मी नाही केला! हातानं केला!"

तो आधी अजिबात हसला नाही. मग त्याचा खालचा ओठ हलला. मग तो रस्त्यावर मटकन बसला आणि हसला, इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. योगेंद्रदादा धावत आला, "काय झालं, काय झालं," आणि कळल्यावर तोही शेजारी बसला. "अगं ए प्राजू! अडीच महिने त्या पोराला छळलंस आणि शेवटी प्रसाद तूच वाटलास!"

मी जगातल्या सगळ्या पुरुषांवर चिडले होते, आणि त्यातल्या एकावर जास्त.

लाऊडस्पीकर खरखरला. महिला गट. प्रथम, प्रतिभा, खंडवा. द्वितीय, प्राजक्ता महाजन, बुरहानपूर. फरक ०.१८ सेकंद.

दोघांचं हसणं थांबलं. तीन वर्षं. मी सायकल वळवली आणि चालू लागले. मागून लोखंडी सायकलच्या चाकाचा आवाज येत राहिला. हातभर अंतर ठेवून.

मारुतीपाशी आल्यावर मी थांबले. तोही थांबला.

"विचार," मी म्हटलं.

"काय?"

"प्रश्न."

"हरलीस ना तू." त्याचा चेहरा इतका खरोखर दुःखी होता की मला त्याला हलवावंसं वाटलं. "अट होती आपली. हरलीस तर नाही विचारणार. मी शब्द दिला होता."

"तुझी बाग पणाला लावून तू हात दाबून धरलास आणि आता शब्द पाळतोयस?"

"शब्द म्हणजे शब्द ना पण."

मी दीर्घ श्वास घेतला. धुकं विरलं होतं, पलीकडच्या गाडीवर मावा जिलबी तळायला घेतली होती आणि कोवळ्या उन्हात तो गोड, तुपकट वास पसरला होता. अशा सकाळी माणसानं इतकं वैतागू नये.

"ठीक आहे. तू विचारायचं नाहीस असं ठरलं होतं. मी विचारायचं नाही असं कुठे ठरलं होतं?"

त्याचे डोळे मोठे झाले.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. आवाज थोडा वर गेला, तो मी खाली आणला. "अकरा आठवडे झाले. मी त्याला राग समजत होते, ती माझी मापनातली चूक होती. तीन तारखेला मी पुण्याला चालले आहे. गाडीनं एक रात्र लागते, तू केळी घेऊन येऊ शकतोस, न घेताही येऊ शकतोस. तर आता सांग... मी तुला आवडते का?"

आणि मी शर्यतीतही गळ्यात ठेवलेल्या स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

मग, मला अजूनही खरं वाटत नाही, त्यानं सायकल भिंतीला टेकवली, ती नीट उभी आहे ना ते हात लावून बघितलं, माझ्याकडे पाठ केली आणि मारुतीसमोर उभा राहिला. डोळे मिटले. उजवा हात कपाळाला, मग छातीला. सावकाश.

"चुडामण!"

"थांब ना. शेवटच्या फेरीचा राहिला होता."

मग तो वळला. हात अजून छातीवरच होता. तिरपा दात दिसत होता.

"हो," तो म्हणाला.

मी बटण दाबलं.

"रस्त्यावर बसून केळी मोजत होतीस," तो म्हणाला, "तेव्हापासून."

घड्याळात अकरा पूर्णांक सहा सेकंद झाले होते.